सस्पेन्शन : आधी पकड, मग आराम

'सस्पेन्शन' या शब्दाला आपल्या कॉलेजात दोन अर्थ आहेत. पहिल्याचा संबंध रेक्टर सरांच्या केबिनशी येतो. त्याबद्दल ज्यांना सखोल माहिती हवी असेल त्यांनी फायनल इयरच्या मंडळींना गाठावे. हा लेख दुसऱ्या सस्पेन्शनबद्दल आहे, म्हणजे गाडीच्या बॉडीखाली, चाकांच्या आड दडलेल्या त्या सगळ्या लवाजम्याबद्दल.

व्हायव्हाला हमखास येणारा प्रश्न : "गाडीला सस्पेन्शन कशासाठी असतं?" आणि आपलं हमखास उत्तर : "सर, आत बसलेल्यांना धक्के बसू नयेत म्हणून." उत्तर चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे जास्त महत्त्वाचे आहे. सस्पेन्शनचे पहिले काम म्हणजे चाक रस्त्याला टेकलेले ठेवणे. ब्रेक लागतो तो टायर आणि रस्ता यांच्या घर्षणामुळे, गाडी वळते तीही त्याच घर्षणामुळे. चाक हवेत असेल तर ब्रेक कितीही भारी कंपनीचा असो, उपयोग शून्य. आराम मिळतो तो नंतर, बोनस म्हणून.

शहागंजचा हातगाडा आणि मेसचा टेबल

हे पटत नसेल तर एखाद्या संध्याकाळी शहागंजला घड्याळाच्या मनोऱ्यापाशी जा आणि फळांच्या हातगाड्यांकडे नीट बघा. चार चाके, वर लाकडी फळ्यांचा सांगाडा आणि मध्ये स्प्रिंग वगैरे काही नाही. गाडा खड्ड्यातून गेला की दोन गोष्टी होतात. पहिली सगळ्यांना दिसते : मोसंब्या उड्या मारतात. दुसरी बारकाईने बघणाऱ्यालाच दिसते : रस्ता उंचसखल असेल तर चारपैकी एक चाक जमिनीला टेकतच नाही.

याचे कारण शाळेच्या भूमितीत आहे. तीन बिंदूंतून एक प्रतल नक्की जाते, चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असे नाही. मेसमधला तो डुगडुगणारा टेबल आठवा. त्याच्या एका पायाखाली आपण कागदाची घडी घालतो. सस्पेन्शन म्हणजे प्रत्येक चाकाखाली सतत, आपोआप कमी-जास्त होणारी अशी घडीच म्हणा ना.

हातगाड्याचे एक चाक हवेत राहिले तरी बिघडत नाही, कारण तो चालण्याच्या वेगाने जातो. मोटारीचे तसे नाही. एक साधे गणित करू. समजा एका चाकावर एकूण ३४० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३० पीएसआय हवा आहे, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २.१ किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकलेला भाग येतो सुमारे १६० चौरस सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम आपल्या तळहाताएवढा. सव्वा टनाहून जड गाडी, आत घरची माणसे, वेग ताशी ८० किलोमीटर, आणि हे सगळे चार तळहातांच्या भरवशावर! हे तळहात रस्त्यावरून सुटू न देणे, हे सस्पेन्शनचे काम.

आता यातल्या एकेका भागाकडे वळू. प्रत्येकाचे काम वेगळे आहे, हे मात्र पक्के लक्षात ठेवा.

स्प्रिंग : वजन पेलणारी

गाडीची बॉडी, इंजिन, माणसे आणि सामान यांचे वजन स्प्रिंगवर तोललेले असते. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आपण बारावीपासून पाठ करत आलोय : जितका भार, तितकी दाब. एका चाकाच्या वाट्याला बॉडीचे ३०० किलो आले आणि स्प्रिंगचा ताठरपणा मीटरला २०,००० न्यूटन असला, तर स्प्रिंग सुमारे १४.७ सेंटीमीटर दबते. त्याच चाकावर आणखी १०० किलो चढवा, ती आणखी ५ सेंटीमीटर खाली जाते. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी मागून बसलेली दिसते ती यामुळेच. खड्ड्यात पडल्यावर स्प्रिंगला दबायला जी जागा हवी असते, ती आधीच संपलेली असते. मग 'धाड्' असा आवाज येतो, म्हणजे सस्पेन्शन शेवटच्या रबरी स्टॉपरवर आपटते.

स्प्रिंगचे चार प्रकार आपल्याला सहज पाहायला मिळतात.

पहिला पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग. इंग्लंडमध्ये ओबादिया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी याचे पेटंट घेतले होते. दोनशे वर्षे उलटली तरी पाटा अजून सेवेत आहे. शहागंजात माल उतरवायला आलेल्या 'छोटा हत्ती'च्या मागच्या चाकाशी वाकून बघा : एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेल्या. मारुती ओम्नीलाही मागे पाटेच होते. लालपरीचे पाटे बघायचे असतील तर मध्यवर्ती बसस्थानक गाठा. पाट्याच्या एका टोकाला झुलणारी छोटी कडी दिसेल, तिला शॅकल म्हणतात. कमानदार पाटा भाराखाली सपाट झाला की त्याची लांबी थोडी वाढते. त्या वाढीला वाट मिळावी म्हणून शॅकल. पाट्याची गंमत अशी की तो वजनही पेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. एका पगारात दोन कामे! शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे झोके थोडे आपोआप मरतात. तोटा एवढाच की पाटा जड असतो आणि रिकाम्या गाडीत हाडे खिळखिळी करतो.

दुसरा प्रकार कॉइल स्प्रिंग. बहुतेक मोटारींना आणि मोटारसायकलींना हीच असते. हलकी, आटोपशीर. पण ती फक्त वजन पेलते, चाकाला मागे-पुढे किंवा आडवे सरकण्यापासून रोखू शकत नाही. म्हणून तिच्या जोडीला आर्म लागतात.

तिसरा टॉर्शन बार, म्हणजे पीळ देऊन स्प्रिंगसारखी वापरलेली सरळ सळई. आपल्या जुन्या अँबॅसेडरच्या पुढच्या चाकांना ती होती, मागे पाटे.

चौथी हवेची स्प्रिंग. एसटीच्या शिवनेरीतली व्होल्वो बस खड्ड्यावरून तरंगत गेल्यासारखी वाटते ती या रबरी फुग्यांमुळे. भार वाढला की फुग्यात हवा वाढवून उंची तीच राखता येते.

शॉक ॲब्सॉर्बर : नाव एक, काम दुसरे

गॅरेजमध्ये ज्याला 'शॉकअप' म्हणतात तो हा. नाव फसवे आहे, कारण धक्का सोसते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला एक खोड आहे : घेतलेली ऊर्जा ती परत करते. एकदा दबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका स्पीडब्रेकरनंतर बराच वेळ खालीवर होत राहील आणि प्रत्येक उसळीला चाकावरचा भार कमी होईल. ही उसळी मारणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. इंग्लंडमध्ये याला 'डँपर' म्हणतात, तेच नाव खरे.

लायब्ररीच्या दाराला वर लावलेला डोअर क्लोजर पाहिलाय? दार सोडले तरी धाडकन आपटत नाही, हळूहळू बंद होते. तत्त्व तेच. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोके आणि पातळ पत्र्यांच्या झडपा. पिस्टन हलला की तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते आणि ते विरोध करते. गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावर बराच वेळ चाललेल्या गाडीचा शॉक ॲब्सॉर्बर चांगलाच गरम होतो. फार खालीवर झाले तर तेलात फेस येतो आणि फेसाळलेले तेल विरोध करत नाही. म्हणून पुष्कळ शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात.

विरोध दोन्ही दिशांना सारखा नसतो. चाक वर येताना तो सहसा कमी ठेवतात, म्हणजे धक्का बॉडीपर्यंत कमी पोचतो. चाक परत खाली जाताना जास्त ठेवतात, म्हणजे दबलेली स्प्रिंग बॉडीला वर फेकत नाही. ही जुळणी करणे हे मोठे कौशल्याचे काम आहे, आणि ते आपल्या गावाला परके नाही. वाळूजची एन्ड्युरन्स कंपनी दुचाकी आणि तीनचाकींसाठी शॉक ॲब्सॉर्बर आणि फ्रंट फोर्क बनवते.

आर्म, बुश, बॉल जॉइंट : पडद्यामागचे कलाकार

स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचे नाव सगळ्यांना माहीत असते. पण चाकाला 'तू फक्त वर-खाली जायचंस, बाकी कुठे नाही' हे बजावणारे भाग वेगळेच आहेत.

लोअर आर्म हा चाक आणि चॅसिस यांच्यातला बिजागरीसारखा दांडा. आर्म जिथे चॅसिसला जोडतो तिथे रबरी बुश असतात. धातूवर धातू आपटू नये, बारीक थरथर गाळली जावी आणि आर्मला थोडा पीळ खाता यावा म्हणून. आर्मच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा : वाटीत गोळा. पुढच्या चाकाला वर-खालीही जायचे असते आणि स्टिअरिंगबरोबर वळायचेही असते, त्यामुळे साधी बिजागरी तिथे पुरत नाही. बॉल जॉइंटवर रबरी टोपी असते. ती फाटली की आत धूळ-पाणी जाते, ग्रीस संपते, गोळा झिजतो. आणि हा सांधा निखळला तर चाक आडवे होते, गाडी रस्त्यावर बसते. तेव्हा स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. म्हणूनच एवढ्याशा रबरी टोपीकडे लक्ष द्यायचे.

बहुतेक छोट्या मोटारींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. मारुती ८०० लाही तोच होता. फोर्डचे इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांपासून गाजली. यात शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात, आणि तो खांबच वरच्या आर्मची जागा घेतो. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. खांबाच्या डोक्यावर माउंटिंग आणि बेअरिंग असते. स्टिअरिंग फिरवताना वरून 'कटकट' आवाज आला तर पहिला संशय तिथे घ्यावा.

आणखी एक आडवी सळई डावे-उजवे चाक जोडते, ती अँटी-रोल बार. गाडी वळणावर एका बाजूला कलली की या सळईला पीळ बसतो आणि ती कलण्याला विरोध करते. तिच्या दोन्ही टोकांना छोटे लिंक रॉड असतात. खराब रस्त्यावर सगळ्यात आधी बोलू लागतात ते बऱ्याचदा हेच.

मागची चाके

मागच्या चाकांच्या तीन तऱ्हा. एक, दोन्ही चाके एकाच आडव्या ताठ ॲक्सलवर. डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही तिरके होते. ओझे वाहायला मजबूत, म्हणून ट्रक आणि टेम्पोला हीच. दोन, टॉर्शन बीम. दोन आर्मना जोडणारी पीळ खाणारी तुळई, स्वस्त आणि आटोपशीर. तीन, प्रत्येक चाक स्वतंत्र. त्यातला पुढारलेला प्रकार मल्टी-लिंक, म्हणजे एका चाकाला अनेक दांडे. फरक समजून घ्यायला लांब जायला नको. आपल्या शेंद्र्याला स्कोडाच्या कारखान्यात जुळवलेली पहिली ऑक्टाव्हिया मागे टॉर्शन बीमवर होती, आणि तिच्यानंतर आलेली लॉरा मल्टी-लिंकवर.

आणि स्वतंत्र सस्पेन्शन म्हणजे श्रीमंतांची चैन, असे समजू नका. शहागंजच्या स्टँडवरच्या बजाजच्या ऑटोरिक्षाची मागची दोन्ही चाके आपापल्या आर्मवर, स्वतंत्रच असतात. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. तेव्हा पुढच्या वेळी रिक्षात चौथे म्हणून कोंबून बसाल तेव्हा निदान त्या आर्मला मनात सलाम करा.

वेग आणि खड्डे : थोडे गणित

वरच्याच उदाहरणातल्या ३०० किलो आणि २०,००० न्यूटनच्या स्प्रिंगची नैसर्गिक कंपनसंख्या काढा. भागाकाराचे वर्गमूळ घेऊन दोन पायने भागले की उत्तर येते सुमारे १.३ हर्ट्झ. म्हणजे बॉडी सेकंदाला सव्वा वेळा झुलते. मोटारी साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास ठेवतात. आता ताशी ४० किलोमीटरने जाताना रस्त्याला दर साडेआठ मीटरवर उंचवटा असेल तर धक्क्यांची आणि गाडीची लय जुळते, म्हणजे रेझोनन्स. गाडी होडीसारखी झुलू लागते. चाक, ब्रेक, आर्म यांचा मात्र वेगळाच ठेका असतो. स्प्रिंगच्या खालचे हे ४० किलो वजन टायरच्या स्वतःच्या लवचिकपणावर साधारण १२ हर्ट्झने थडथडते. मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर हातभर अंतराच्या लाटा पडतात, त्यावर गाडी घसरल्यासारखी वाटते ती यामुळे. चाक लाटांच्या माथ्यांवरून उड्या मारत जात असते, मधल्या खळग्यांत टेकतच नाही. अलॉय व्हील हलके असावे, असे इंजिनिअर का म्हणतात ते इथे कळते. हलके चाक रस्त्याचा आकार लवकर पकडते.

स्पीडब्रेकरचेही शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये साधारण वाहतुकीसाठी ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, गोलाकार उंचवटा सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. आता आपल्या गल्लीत एका रात्रीत उगवलेला, वीतभर रुंद आणि तेवढाच उंच सिमेंटचा बांध आठवा. त्याला स्पीडब्रेकर नव्हे, बॉल जॉइंट ब्रेकर म्हणायला हवे.

ब्रेकचेही बघा. १,३६० किलोची गाडी, व्हीलबेस २.४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. जोरात ब्रेक मारला, म्हणजे मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट, तर सुमारे १७० किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर सरकतो. गाडीचे नाक खाली जाते. शॉक ॲब्सॉर्बर ठीक असतील तर ती एकदा झुकते आणि स्थिर होते. गेलेले असतील तर नाक खालीवर झुलत राहते, मागची चाके हलकी-जड होत राहतात आणि थांबण्याचे अंतर वाढते. पावसाळ्यात जालना रोडवर पुढच्या टेम्पोच्या मागे हे अंतर किती मोलाचे, ते सांगायला नको.

आवाजावरून निदान

"सस्पेन्शन गेलंय, सगळं बदलावं लागेल," असे ऐकले की खिसा थरथरतो. सगळे भाग एकदम क्वचितच जातात. म्हणून आधी लक्षणे बघा :

– छोट्या खड्ड्यांवर हळू जाताना पुढून 'खटखट' : लिंक रॉड किंवा आर्मचा बुश.
– स्टिअरिंग फिरवताना वरून 'कटकट' : स्ट्रटचे माउंटिंग किंवा बेअरिंग.
– गाडी वर-खाली होताना 'कुईकुई' : कोरडा बुश किंवा कोरडा बॉल जॉइंट.
– स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा झुलते, शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर तेल ओघळलेले : शॉक ॲब्सॉर्बर संपला.
– टायरवर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज : शॉक ॲब्सॉर्बर किंवा व्हील बॅलन्सिंग.
– टायर एकाच कडेला झिजतो, गाडी एका बाजूला ओढते : अलाइनमेंट. पण आधी बुश आणि बॉल जॉइंट तपासा. सांधे ढिले असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही, पैसे वाया.
– गाडी सपाट जागी उभी असून एक कोपरा खाली : स्प्रिंग तुटली किंवा बसली.

घरच्या घरी करायची चाचणी : गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. कोपरा वर येऊन जागच्या जागी थांबला तर बरे. झुलत राहिला तर शॉक ॲब्सॉर्बर दाखवून घ्या. ही चाचणी ढोबळ आहे. ती पास झाली म्हणजे सगळे ठीक असे नाही, पण नापास झाली तर नक्की काहीतरी बिघडले आहे. आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलायचाच झाला तर डावा-उजवा जोडीने बदला. एक नवा आणि एक थकलेला असला तर गाडी ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्ही बाजूंनी वेगवेगळी वागते.

दोन गोष्टी करू नका

पहिली : गाडी 'लो' दिसावी म्हणून कॉइल स्प्रिंग कापणे. स्प्रिंगचा ताठरपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर ती २० टक्के ताठ होते आणि वर दबायला जागाही कमी उरते. गाडी सुंदर दिसेल, पण तळहात रस्त्यावरून सुटतील.

दुसरी : कंप्रेसर टूल नसताना स्ट्रट खोलणे. वर्कशॉपमध्ये उत्साहाच्या भरात "एक नट तर काढायचाय" असे कुणीतरी म्हणतेच. २०,००० न्यूटनची स्प्रिंग १५ सेंटीमीटर दबलेली असेल तर तिच्यात २२५ ज्यूल ऊर्जा असते. २३ किलोचे वजन एक मीटरवरून पडावे एवढी, आणि ती सुटते क्षणात, तोंडासमोर. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली स्टँड लावलाच पाहिजे. सस्पेन्शन शिकायला हात काळे व्हावेत, पण ते दोन्ही शाबूत असावेत.

तर मंडळी, स्प्रिंग वजन पेलते, शॉक ॲब्सॉर्बर उसळी मारतो, आर्म चाकाला वाट दाखवतात, बुश आणि बॉल जॉइंट ती वाट लवचिक ठेवतात. एवढे चार वाक्यांत सांगता आले तरी व्हायव्हाला एक्स्टर्नल खूश होतील. पण खरा फायदा गॅरेजमध्ये आहे. घरी गेलात की वडिलांच्या गाडीच्या पुढच्या चाकामागे टॉर्च मारून त्या रबरी टोप्या फाटल्या आहेत का तेवढे बघून या. पाच मिनिटांचे काम आहे, आणि इंजिनिअरिंगला पाठवल्याचे त्यांना समाधानही वाटेल.